कृषी विद्यापीठाची पारख : प्रवेश, खर्च आणि पदवीनंतरची वाट

भाताचे बियाणे घेताना जाणता शेतकरी पिशवीवरील चित्रावर विसंबत नाही. शंभर दाणे मोजून तो ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि आठवड्याभराने किती दाण्यांना मोड आले हे मोजून पाहतो. प्रमाणित भात बियाण्याची उगवण किमान ८० टक्के असावी असा दंडक आहे. उगवण त्याहून कमी निघाली तर ते बियाणे तो परत करतो, निदान पेरणीचे प्रमाण तरी वाढवितो. एका हंगामाच्या बियाण्याबाबत जी दक्षता घेतली जाते, ती मुलाच्या किंवा मुलीच्या चार वर्षांच्या शिक्षणाबाबत मात्र क्वचितच घेतली जाते. कोणा परिचिताने सांगितले, इमारत मोठी दिसली, जाहिरातीत नोकरीची हमी वाचली, एवढ्यावर शुल्क भरले जाते. हे बियाणे परत करता येत नाही आणि गेलेली चार वर्षेही परत येत नाहीत. म्हणून विद्यापीठ व त्याची महाविद्यालये कशी पारखावीत, याचा विचार येथे केला आहे.

कोन परिसरातील निकड

पनवेलहून जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने पळस्प्याच्या पुढे गेले म्हणजे कोन हे गाव लागते. रायगड जिल्ह्यातील, म्हणजे पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील, हा भाग भातशेतीचा. गेल्या काही वर्षांत येथील शिवाराचे रूप पालटले आहे. ज्या घरांची सोडत २०१६ साली निघाली, ती गिरणी कामगारांसाठीची घरे कोन येथेच आहेत. पनवेल तालुक्यातील बरीच गावे २०१३ साली अधिसूचित झालेल्या नैना क्षेत्रात आली. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन २०२५ च्या ऑक्टोबरात झाले. जमिनीचा भाव वाढला आणि कसण्याजोगी जमीन कमी झाली.

अशा गावात शिक्षणाचा निर्णय हा जमिनीचाही निर्णय ठरतो. मुलाच्या शुल्कासाठी चार गुंठे विकावेत असा विचार घरात निघतो. जमीन एकदा गेली की ती पुन्हा त्या भावात मिळत नाही. पदवी घेऊन मुलगा स्वतःच्या पायावर उभा राहिला तर व्यवहार सार्थकी लागला. तसे न झाले तर जमीन गेली आणि हाती केवळ कागद उरला, अशी अवस्था होते. म्हणून शुल्क भरण्यापूर्वीच तीन प्रश्नांची उत्तरे मिळविणे अगत्याचे आहे. तेथे प्रवेश कोणाला व कसा मिळतो? चार वर्षांचा एकूण खर्च किती येतो? तेथून बाहेर पडलेले विद्यार्थी आज काय करीत आहेत?

विद्यापीठ कोणाचे व कशासाठी

शेतीच्या शिक्षणासाठी सार्वजनिक पैशातून विद्यापीठे उभारावीत ही कल्पना अमेरिकेत १८६२ च्या मॉरिल कायद्याने रुजली. त्या कायद्यान्वये सरकारी जमिनीच्या उत्पन्नातून शेतकी व यंत्रविद्येची महाविद्यालये निघाली. भारतात त्याच धर्तीवरचे पहिले कृषी विद्यापीठ १९६० साली पंतनगर येथे सुरू झाले. महाराष्ट्रात राहुरी येथे १९६८ साली, अकोला येथे १९६९ साली आणि परभणी व दापोली येथे १९७२ साली कृषी विद्यापीठे स्थापन झाली.

रायगड जिल्हा दापोलीच्या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. दापोलीचे कृषी महाविद्यालय १९६५ पासूनचे असून विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ रोजी झाली. २००१ सालापासून ते डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. कृषी, उद्यानविद्या, वनशास्त्र व कृषी अभियांत्रिकी यांचे शिक्षण दापोली येथे, मत्स्यविद्येचे रत्नागिरीजवळ शिरगाव येथे आणि काढणीपश्चात व्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण रायगड जिल्ह्यातच किल्ला-रोहा येथे दिले जाते.

या विद्यापीठाचे काम पनवेलच्या शेतकऱ्यास नवे नाही. खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ या भाताच्या जाती पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने दिल्या. कर्जतच्या केंद्राच्या भातजाती कोकणात सर्वत्र पेरल्या जातात. आंब्याच्या रत्ना व सिंधू या जाती आणि काजूच्या वेंगुर्ला जाती याच विद्यापीठाच्या होत. शिक्षण, संशोधन आणि विस्तार या तिन्ही गोष्टी अशा विद्यापीठाकडून अपेक्षित असतात. त्याचा खर्च सरकारी तिजोरीतून, म्हणजे पर्यायाने जनतेच्या पैशातून चालतो. म्हणून त्याचा हिशेब विचारणे हा अविश्वास नव्हे. तो शेतकऱ्याचा हक्क आहे.

प्रवेशाची पारख

कृषी पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा, म्हणजे आठ सत्रांचा आहे. त्यासाठी विज्ञान शाखेतून बारावी उत्तीर्ण व्हावे लागते आणि राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे एमएचटी-सीईटी, द्यावी लागते. त्यानंतर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत अर्ज भरून महाविद्यालयांचा पसंतीक्रम द्यावा लागतो. गुणवत्ता यादी लागते आणि फेरीनिहाय जागा वाटल्या जातात. काही जागा अखिल भारतीय परीक्षेतून भरल्या जातात. शेतकरी व भूमिहीन शेतमजूर यांच्या पाल्यांना सात-बाराचा उतारा किंवा दाखला सादर केल्यास गुणांत अधिभार देण्याची पद्धत या प्रवेशात राहिली आहे. ती सवलत कोणत्या कागदांवर व किती मिळते हे त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहावे. सर्व जमीन विकून टाकण्यापूर्वी या उताऱ्याचाही विचार झाला पाहिजे.

येथे एक महत्त्वाचा भेद ध्यानात ठेवावा. एकाच विद्यापीठाची पदवी देणारी महाविद्यालये दोन प्रकारची असतात. विद्यापीठ स्वतः चालविते ती घटक महाविद्यालये. खासगी संस्था चालवितात व ज्यांना विद्यापीठ संलग्नता देते ती संलग्न महाविद्यालये. दोहोंच्या पदवीपत्रावर नाव एकाच विद्यापीठाचे असते. परंतु शुल्क, शिक्षकांची संख्या, प्रयोगशाळा, प्रक्षेत्र आणि वसतिगृह यांत मोठी तफावत असू शकते. म्हणून "विद्यापीठ चांगले आहे" एवढे ऐकून थांबू नये. कोणत्या महाविद्यालयात जागा मिळत आहे आणि ते महाविद्यालय कसे आहे, हे पाहावे.

प्रवेशाच्या माहितीतून पुढील गोष्टी कळतात. मागील वर्षाच्या प्रत्येक फेरीत त्या महाविद्यालयात कोणत्या प्रवर्गाचा शेवटचा प्रवेश किती गुणांवर झाला, यावरून आपल्या पाल्यास जागा मिळण्याचा संभव किती हे समजते. मात्र शेवटच्या प्रवेशाचे गुण उंच म्हणजे शिकवणी उत्तम, असे समजू नये. ते गुण मागणी दाखवितात. ज्या विहिरीवर गर्दी, तिचे पाणी गोड असेलच असे नाही. परंतु एखाद्या महाविद्यालयात वर्षानुवर्षे अनेक जागा रिकाम्या राहत असतील तर त्याचे कारण अवश्य विचारावे. तसेच मुलींचे प्रमाण किती, मागास प्रवर्गांतील व अल्प उत्पन्न गटातील विद्यार्थी किती, हेही पाहावे. सार्वजनिक विद्यापीठाची दारे खरोखर कोणाला खुली आहेत, हे त्यातून दिसते.

कागदपत्रांअभावी हातची जागा गेल्याची उदाहरणे गावोगाव आढळतात. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेअर दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला यांची तजवीज विद्यार्थी अकरावीत असतानाच सुरू करावी. जात वैधतेच्या पडताळणीस वेळ लागतो. डोंगरपट्ट्यातील कातकरी व ठाकर वाड्यांवर जुने पुरावे मिळविणे कठीण जाते. तेथे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने आधीपासून लक्ष घातले तर एखाद्या मुलाचे वर्ष वाचू शकते.

प्रवेशासाठी कोणी वेगळी रक्कम मागितल्यास ती देऊ नये. देणगी घेऊन प्रवेश देण्यास महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. खासगी व्यावसायिक महाविद्यालयांचे प्रवेश व शुल्क यांच्या नियमनासाठी २०१५ चा कायदा आहे. त्यान्वये मंजूर झालेल्या शुल्काहून अधिक रक्कम घेता येत नाही. भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्यावी.

खर्चाची पारख

शुल्क म्हणजे खर्च नव्हे. ते खर्चाचे एक अंग आहे. कोनहून दापोली पावणेदोनशे किलोमीटरांच्या आसपास आहे. कोकण रेल्वेने पनवेलहून खेडपर्यंत आणि तेथून एस. टी. ने दापोलीस जाता येते. अर्थात विद्यार्थ्यास घरून ये-जा करणे शक्य नाही. वसतिगृह, खानावळ, प्रवास, पुस्तके, प्रात्यक्षिकांचे साहित्य आणि ग्रामीण कार्यानुभवाच्या काळातील राहणे-जेवण हा सर्व खर्च हिशेबात धरला पाहिजे. घरच्या शेतीत लागणारा एक माणूस चार वर्षे कमी होतो. लावणीला त्याच्या जागी मजूर लावावा लागतो. तोही खर्चच होय.

हिशेबाची रीत दाखविण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका महाविद्यालयाचे सर्व प्रकारचे शुल्क दरसाल ४०,००० रुपये, राहणे-जेवण ६०,००० रुपये आणि प्रवास व साहित्य १५,००० रुपये आहे. एका वर्षाचा खर्च १,१५,००० रुपये झाला. चार वर्षांचा ४,६०,००० रुपये. परीक्षेची तयारी, अर्ज व प्रवेशाच्या वेळचा खर्च २०,००० रुपये धरला तर एकूण ४,८०,००० रुपये. शुल्कात दरसाल २०,००० रुपयांची सवलत मिळाली तर ८०,००० रुपये वजा जाऊन घरातून जाणारी रक्कम ४,००,००० रुपये राहते. याच रीतीने प्रत्येक महाविद्यालयाचे खरे आकडे मांडावेत व मग तुलना करावी. विषय राहून एक वर्ष वाढले तर किती खर्च वाढेल, हेही एका ओळीत लिहून ठेवावे.

सवलतींची माहिती बारकाईने घ्यावी. ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे अशा पात्र विद्यार्थ्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. २०२४-२५ पासून त्याच उत्पन्नमर्यादेतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि इतर मागासवर्ग यांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्णपणे माफ करण्यात आले. मात्र ही माफी केंद्रीभूत प्रक्रियेतून मिळालेल्या प्रवेशासाठी आहे. संस्थेच्या कोट्यातून घेतलेल्या जागेस ती लागू होत नाही. अनुसूचित जाती व जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजूर यांच्या पाल्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. या योजनांचे अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरावे लागतात. अर्ज दरवर्षी भरावा लागतो व मुदत चुकली तर त्या वर्षाची सवलत जाते. शिष्यवृत्तीची रक्कम पुष्कळदा उशिरा खात्यात येते. तोवर हातात पैसा असावा लागतो, हेही ध्यानात घ्यावे.

कर्ज काढावयाचे असल्यास जमीन विकण्यापूर्वी बँकेकडे चौकशी करावी. साडेसात लाख रुपयांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जास सामान्यतः तारण लागत नाही. परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर साधारणतः एक वर्षाने सुरू होते. परंतु व्याज शिक्षण चालू असतानाही चढत असते. शक्य असल्यास ते दरमहा भरत जावे म्हणजे पुढील हप्ता हलका होतो.

पदवीनंतरच्या वाटेची पारख

हा तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी विचारला जाणारा आहे. "आमच्या येथील ८० टक्के विद्यार्थ्यांना नोकरी लागते" असे वाक्य जाहिरातीत असते. हे ८० टक्के कशाचे, असा प्रश्न प्रथम विचारावा.

समजा, एका महाविद्यालयात ६० विद्यार्थी दाखल झाले. त्यांपैकी ४५ जणांनी चार वर्षांत पदवी पूर्ण केली. त्या ४५ पैकी ३० जणांनी नोकरीसाठी महाविद्यालयात नाव नोंदविले आणि २४ जणांना नोकरी मिळाली. महाविद्यालय तीसांतील चोवीस मोजते व ८० टक्के असे सांगते. हे खोटे नव्हे. परंतु दाखल झालेल्या साठांतील चोवीस मोजले तर प्रमाण ४० टक्के येते. उगवण तपासताना शेतकरी मोड न आलेले दाणे बाजूला सारून उरलेल्यांची टक्केवारी काढीत नाही. पेरलेले सर्व दाणे तो मोजतो. येथेही तसेच करावे.

तथापि, ज्यांना नोकरी नाही ते सर्व वाया गेले असेही मानू नये. याच उदाहरणात ९ जण पदव्युत्तर शिक्षणास गेले असतील तर ते वेगळे मोजावेत. राहिलेल्या १२ जणांपैकी कोणी घरची बाग सुधारली असेल, कोणी रोपवाटिका काढली असेल, कोणी स्पर्धा परीक्षेची तयारी करीत असेल. त्यांचा तपशील विचारावा. ज्या १५ जणांनी वेळेत पदवी पूर्ण केली नाही त्यांचे काय झाले, हे तर अवश्य विचारावे. पैसा संपल्यामुळे किती गेले आणि अभ्यास न झेपल्यामुळे किती, यावरून महाविद्यालय विद्यार्थ्यांची किती काळजी घेते हे कळते.

दुसरी सावधगिरी वेतनाच्या आकड्यांबाबत. पाच पदवीधरांचे मासिक वेतन अनुक्रमे ११,०००, १४,०००, १५,०००, २०,००० आणि ९०,००० रुपये आहे असे समजा. त्यांची सरासरी ३०,००० रुपये येते. परंतु पाचांपैकी चौघांना त्याहून पुष्कळ कमी मिळते. वेतने चढत्या क्रमाने मांडून मधले पाहिले तर ते १५,००० रुपये आहे. यास मध्यक म्हणतात. सामान्य विद्यार्थ्यास काय मिळेल, हे मध्यकावरून अधिक खरे कळते. म्हणून सरासरी किंवा सर्वांत मोठे वेतन न विचारता मध्यक विचारावा. वर्षाला १,८०,००० रुपये मिळविणाऱ्या पदवीधराच्या शिक्षणास ४,००,००० रुपये लागले असतील तर ती सव्वादोन वर्षांची संपूर्ण कमाई झाली. हाच खर्च ९,००,००० रुपये असेल तर ती पाच वर्षांची कमाई होते. जमीन विकावी की नाही, याचे उत्तर या एका भागाकारात पुष्कळसे सापडते.

कृषी पदवीधरास वाटा अनेक आहेत. कृषी विभागातील पदे, लोकसेवा आयोगाची महाराष्ट्र कृषी सेवा परीक्षा आणि बँकांतील कृषी अधिकाऱ्याची पदे या नोकरीच्या वाटा आहेत. त्यांत जागा थोड्या आणि उमेदवार पुष्कळ. पदवीनंतर तीन-चार वर्षे पुण्यासारख्या शहरात राहून तयारी करणारे तरुण पुष्कळ दिसतात. त्या वर्षांचा खर्चही घरचेच सोसतात. म्हणून किती वर्षे प्रयत्न करावयाचा आणि त्यानंतर दुसरा मार्ग कोणता, हे आधीच घरात ठरवावे.

बियाणे, खते व औषधांच्या कंपन्यांत विक्री व प्रात्यक्षिकांची कामे मिळतात. कीटकनाशके विकण्याच्या परवान्यासाठी विहित शैक्षणिक पात्रता लागते व कृषी पदवी त्यांत बसते. त्यामुळे स्वतःचे कृषी सेवा केंद्र काढता येते. २००२ साली केंद्र शासनाने सुरू केलेल्या कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र योजनेत पदवीधरांना विनामूल्य प्रशिक्षण दिले जाते. या योजनेत नाबार्डमार्फत प्रकल्प खर्चावर ३६ टक्के, तर महिला व अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना ४४ टक्के अनुदानाची तरतूद ठेवण्यात आली. योजनेच्या चालू अटी बँकेत विचाराव्यात.

कोन व पनवेलच्या परिसरास एक विशेष लाभ आहे. वाशीचा घाऊक बाजार, तेथील फळांच्या निर्यातीची सोय आणि न्हावा-शेव्याचे बंदर ही सर्व जवळ आहेत. नव्या वसाहतींना रोपे, बागकाम, ताजा भाजीपाला, दूध व मासळी यांची गरज आहे. जमीन थोडी उरली असली तरी रोपवाटिका, प्रतवारी, साठवण व प्रक्रिया यांत शिकलेल्या तरुणास वाव आहे. म्हणून केवळ कृषी पदवीकडे न पाहता उद्यानविद्या, मत्स्यविद्या, अन्नतंत्र व काढणीपश्चात व्यवस्थापन या शाखांचीही अशीच पारख करावी. ज्याला चार वर्षे बाहेर राहणे परवडत नाही, त्याने दहावीनंतरच्या कृषी पदविकेची माहिती घ्यावी किंवा पनवेलमध्येच घरून ये-जा करून मुंबई विद्यापीठाची विज्ञान पदवी घेण्याशी खर्चाची तुलना करावी.

माहिती कोठे व कशी मिळवावी

अमेरिकेत २०१५ पासून तेथील शिक्षण खाते प्रत्येक महाविद्यालयाचा खर्च, पदवी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण, विद्यार्थ्यांवरील कर्ज आणि पुढील कमाई सर्वांस पाहता येईल अशी प्रसिद्ध करते. कमाईचे आकडे महाविद्यालयाच्या सांगण्यावरून घेतले जात नाहीत. ते सरकारी करनोंदीवरून काढले जातात. त्यामुळे जाहिरात आणि वस्तुस्थिती यांतील अंतर उघड होते.

भारतात राष्ट्रीय संस्था क्रमवारीची पहिली यादी २०१६ साली निघाली. २०२३ पासून कृषी संस्थांची वेगळी यादी निघते. या यादीत संस्था कितवी आली, यापेक्षा तिने दिलेला माहितीतक्ता अधिक उपयोगी आहे. मंजूर जागा, दाखल विद्यार्थी, विहित वेळेत पदवी घेतलेले, नोकरी लागलेले, त्यांच्या वेतनाचा मध्यक आणि पुढील शिक्षणास गेलेले, असे स्तंभ त्यात असतात. मुली, राज्याबाहेरील विद्यार्थी, आर्थिक व सामाजिकदृष्ट्या मागास विद्यार्थी आणि शुल्कमाफी मिळालेले विद्यार्थी यांचेही आकडे असतात. मात्र ही माहिती संस्थाच भरते आणि सर्व संस्था त्यात भाग घेत नाहीत, याचे भान ठेवावे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे अधिस्वीकृतिपत्र आहे काय व ते कोणत्या वर्षापर्यंतचे आहे, हेही पाहावे.

जी माहिती प्रसिद्ध नाही ती २००५ च्या माहिती अधिकार कायद्यान्वये सार्वजनिक विद्यापीठाकडे मागता येते. साध्या कागदावर अर्ज लिहून १० रुपयांचे शुल्क भरावे. सामान्यतः ३० दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. प्रश्न थोडके व नेमके असावेत. उदाहरणार्थ : गेल्या पाच वर्षांत दरवर्षी किती विद्यार्थी दाखल झाले? त्यांपैकी कितींनी चार वर्षांत पदवी घेतली? शिक्षकांची मंजूर पदे किती व भरलेली किती? वसतिगृहात मुलामुलींसाठी प्रत्येकी जागा किती?

याखेरीज प्रत्यक्ष जाऊन पाहावे. महाविद्यालयाच्या प्रक्षेत्रावर पीक कसे उभे आहे, विद्यार्थी स्वतः काम करतात काय, ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते, वसतिगृहात पाणी पुरते काय, हे एका दिवसात कळते. पदवीचे विद्यार्थी शेवटच्या वर्षांत ग्रामीण कार्यानुभवासाठी गावोगाव येऊन राहतात. त्यांच्याशी मोकळेपणी बोलावे. माहितीपुस्तिकेत नसलेल्या अनेक गोष्टी ते सांगू शकतात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याचे काम

गावाने स्वतःची एक नोंदवही ठेवावी. गावातील किती मुले-मुली पदवीस गेली, कोणत्या वर्षी कोणत्या महाविद्यालयात दाखल झाली, केव्हा बाहेर पडली, साधारण खर्च किती आला आणि आज ती काय करतात, एवढीच माहिती त्या कुटुंबांच्या संमतीने लिहावी. नावे जाहीर करू नयेत. पाच वर्षांत ही वही कोणत्याही जाहिरातीहून अधिक विश्वसनीय होईल. पदवी अर्धवट सोडलेल्यांची नोंद मात्र गाळू नये, कारण मागून येणाऱ्यांना तीच अधिक उपयोगी पडते.

बारावीचा निकाल लागण्यापूर्वी ग्रामपंचायतीच्या कार्यालयात एक बैठक बोलवावी. तीत कागदपत्रांची यादी, सवलतींच्या मुदती व खर्चाचा कोरा तक्ता पालकांपुढे ठेवावा. आयांना व मुलींना आवर्जून बोलवावे. शुल्कमाफी असूनही केवळ माहिती नाही म्हणून मुलगी घरी बसते, असे होता कामा नये.

ही नोंद विद्यापीठालाही उपयोगाची आहे. पदवीधरांपैकी किती जण शेतीशी संबंधित कामात राहिले आणि किती जण आपल्या तालुक्यात परतले, हे पाहिल्यावाचून कृषी विद्यापीठाचे यश मोजता येत नाही. ज्या खारजमिनीसाठी विद्यापीठाने भाताच्या जाती शोधल्या, त्या जमिनीवर काम करणारे शिकलेले हातही त्यानेच द्यावेत, ही अपेक्षा रास्त आहे.

थोडक्यात

शुल्क भरण्यापूर्वी पालकांनी पुढील प्रश्नांची उत्तरे एका कागदावर लिहून काढावीत.

१. महाविद्यालय घटक आहे की संलग्न? त्याची अधिस्वीकृती चालू आहे काय?

२. मागील वर्षी आपल्या प्रवर्गाचा शेवटचा प्रवेश किती गुणांवर झाला? जागा रिकाम्या राहिल्या काय?

३. राहणे, जेवण व प्रवास धरून चार वर्षांचा एकूण खर्च किती? कोणत्या सवलती निश्चित मिळतील?

४. दाखल झालेल्या शंभरांपैकी किती जण वेळेत पदवी घेतात?

५. त्यांपैकी किती जण कामास लागतात? वेतनाचा मध्यक किती?

६. चार वर्षांचा खर्च पदवीधराच्या किती वर्षांच्या कमाईइतका आहे?

७. नोकरी न मिळाल्यास हे शिक्षण घरच्या शेतीत किंवा गावातील व्यवसायात उपयोगी पडेल काय?

या सातांपैकी ज्यांची उत्तरे महाविद्यालय देऊ शकत नाही वा देऊ इच्छित नाही, त्यांची संख्या मोठी असेल तर दुसरे महाविद्यालय पाहावे. उत्तरे मिळाली व ती पटली तर मुलास किंवा मुलीस निःशंकपणे पाठवावे आणि चार वर्षे नेटाने पाठीशी उभे राहावे. जमिनीचा व्यवहार करावयाचा झाल्यास तो या कागदाच्या नंतर करावा, आधी करू नये.